खरं नगं, दुसरं सांग

"खरं नगं. दुसरं सांग."

व्हॅनच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक पोराला तो हे म्हणायचा. पोरगं दप्तर सावरत वर चढायचं. तो मागं न बघता आरशातूनच विचारायचा, "आज काय खाल्लंस रं?" पोरगं म्हणायचं, "पोहे." की झालं. "खरं नगं. दुसरं सांग." मग पोरगं जरा थांबायचं, नजर व्हॅनच्या छताला लावायचं आणि म्हणायचं, "आज पोह्यांनीच मला खाल्लं. पायापासून सुरुवात केली होती, पण तुमचा हॉर्न वाजला म्हणून गुडघ्यापर्यंतच झालं."

"हां. मग लंगडत जाऊन बस," म्हणत तो गिअर टाकायचा.

प्रत्येक थांब्यावर हेच. पोरानं दुसरं काहीतरी सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही.

तुम्ही म्हणाल, शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरवर काय लिहायचं? तुमच्याही दारात रोज सकाळी एक पिवळी व्हॅन येत असेल. तुम्ही डब्याची पिशवी आत ढकलता, पोराचा हात सोडता आणि घरात वळता. ड्रायव्हरचा चेहरा आठवतो का बघा. मलाही आठवला नसता. पण वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी त्याच्या गाडीत कामाला लागले.

त्याचं असं झालं. गाडीत मुली असतील तर सोबत एक बाईमाणूस पाहिजे, असा शाळेचा नियम. आधी जी मावशी होती ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि तिकडचीच झाली. शाळा म्हणाली, बाई नाही तर व्हॅन नाही. माझी नात, आरोही, त्याच व्हॅननं जायची. मुलगा फौजेत, तिकडं राजस्थानात. सून इस्लामपूरला दवाखान्यात कामाला, आठला घर सोडणार. मी म्हटलं, मी बसते की गाडीत.

"आई, लोक काय म्हणतील?" सून म्हणाली. "रिटायर्ड हेडमास्तरीण आणि व्हॅनमधली मावशी!"

"लोकांना सांग, इन्स्पेक्शनला जातात."

पहिल्या दिवशी मी खरोखरच इन्स्पेक्शनच्या थाटात चढले. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. दार लागलं आणि थाट उतरला. समोरासमोर दोन लांब बाकं, त्यांवर बारा पोरं, मधे दप्तरांचा ढीग. माझे गुडघे कुणाच्या तरी डब्यात. खिडक्यांना जाळी. दाराची आतली कडी शाळेच्या नियमानं काढून टाकलेली, दार उघडायचं ते बाहेरूनच, थांब्यावर घरच्यांनी, गेटवर शिपायानं. एकदा ते बंद झालं की तुम्ही सदुसष्टचे असा नाहीतर सातचे, शाळेच्या गेटपर्यंत सुटका नाही.

त्यात उसाचा हंगाम. आमचा रस्ता अरुंद, आणि पुढं कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर घराएवढा ऊस. ओलांडून पुढं जायची सोय नाही. पुढं ऊस, दोन्ही अंगांना ऊस, मागं दुसऱ्या ट्रॅक्टरवरची गाणी. नऊ किलोमीटरला कधीकधी तास लागायचा. दुसरी कुठलीही गाडी असती तर पोरांनी एकमेकांचे कान उपटले असते. या गाडीत ती ट्रॉलीकडं बघून बोलत बसायची. एक म्हणायचा, ट्रॉली म्हणजे अळी आहे. दुसरी म्हणायची, तिला पाचशे पाय आहेत पण एकच चप्पल आहे, म्हणून हळू चालते. तो स्टेअरिंगवर छाती टेकवून, बारीक अक्षर वाचत असल्यासारखा पुढं बघत असायचा आणि मधेच विचारायचा, "आन् ती चप्पल कुनाची चोरली म्हनायची?"

दोन दिवस मी सोसलं. तिसऱ्या दिवशी पोरं उतरली, शिपायानं दार लावलं, तेव्हा म्हटलं, "काय रे बाबा, लेकरांना खोटं बोलायला शिकवतोस? त्यांचे आईबाप फी भरून इंग्रजी शाळेत घालतात, ते यासाठी?"

तो वळला. चाळिशी ओलांडलेला, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. म्हणाला, "बाई, खोटं आन् दुसरं एक नव्हं. खोटं मंजी कुनाला तरी फसवायचं. दुसऱ्यात कुनीच फसत न्हाई. समद्यास्नी म्हाईत आस्तंय."

मग म्हणाला, "तुमी मला वळखलं न्हाई जनू. चौथीला हुतो तुमच्या वर्गात."

नाही ओळखलं. तेहतीस वर्षांत हजारो पोरं हाताखालून गेली. मला आठवतात ती पहिली आलेली आणि काच फोडलेली. हा दोन्हीत नव्हता.

"माजी शाळा, असा निबंध घातला हुता तुमी," तो म्हणाला. "मी लिवलं, रविवारी कुनी नस्तं तवा आमची शाळा उठती, नदीवर जाऊन पानी पिती आन् सोमवारच्या घंटेआदी माघारी येऊन बसती. म्हनून पावसाळ्यात भिती वल्ल्या आस्त्यात."

निबंध मला अजूनही आठवत नव्हता. पण मी काय केलं असणार, ते अगदी नीट दिसलं.

त्या काळातली मी तुम्ही पाहायला हवी होती. बत्तिशीची, ताठ मानेची, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, तिरकं करून बघता यावं म्हणून. आणि हातात लाल पेन. जिल्ह्याचं अख्खं शिक्षण त्या पेनाच्या टोकावर उभं आहे अशी माझी समजूत होती. पेन हललं तर सातारा-सांगली आडवं होईल. निबंध कसा, तर गाय पाळीव, शाळा कौलारू, आई प्रेमळ. गायीला कुणी शिंगं मारायला लावली तर मी शिंगांखाली लाल रेघ ओढायची. केंद्रप्रमुख म्हणायचे, "तुमच्या वर्गाच्या वह्या बघाव्यात, एक बघितली की सगळ्या बघितल्या." मला ते कौतुक वाटायचं! मी ते सासूबाईंना सांगितलंसुद्धा.

"मग?" मी त्याला विचारलं. "मी काय केलं?"

"बाकावर हुबा करून वाचाय लावलं. समदी हासली. तुमी म्हनला, शाळेला पाय आस्त्यात का? मग, शाळेला पाय नस्त्यात, शंभर येळा लिव म्हनला."

"लिहिलंस?"

"लिवलं की. लय चांगलं अक्षर काडून लिवलं." तो हसला. "नव्वदाव्या येळंला पटलं, बाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो. त्यानं गाडी पुसायला फडकं काढलं आणि मी पर्स पोटाशी धरून बाकावर बसून राहिले. उतरताही येईना. दार बाहेरूनच उघडायचं होतं.

आता आरोहीचं सांगते. तिसरीतली पोर. घरात चिमणीसारखी, शाळेत दगड. शाळेचा दंडक असा, आवारात फक्त इंग्रजी. मराठी बोललं की नाव फळ्यावर. पहिल्याच महिन्यात तिचं नाव चारदा फळ्यावर लागलं. तिनं सोपा उपाय काढला. बोलायचंच नाही. विचारलं तरी नाही, येत असलं तरी नाही. वही कोरी. दर महिन्याला शेरा घरी यायचा, मूल प्रतिसाद देत नाही. शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी सुनेला बोलावून सांगितलं, या सत्रात सुधारणा दिसली नाही तर दुसरीत खाली बसवू, नाहीतर दाखला घेऊन जा. सून घरी येऊन न जेवता झोपली. मुलगा फोनवर म्हणाला, "डिसिप्लिन लावा तिला." आम्ही दोघींनी फोनकडं बघितलं.

व्हॅनमध्येही आरोही सुरुवातीला गप्पच. पण तिच्यासाठी त्यानं गाडी कधी अडवली नाही. ती चढली की आरशात बघून एवढंच म्हणायचा, "तुजं उद्या." रोज. "तुजं उद्या." मी मोजत होते. शिक्षिकेची सवय, दुसरं काय. अकरा दिवस झाले.

बाराव्या दिवशी कृष्णेच्या पुलावर गाडी आली. आमच्या नदीत मगरी आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. नदीकाठची माणसं म्हशी पाण्यात सोडताना आधी काठ न्याहाळतात. पुलाच्या मध्यावर आरोही जाळीला नाक लावून म्हणाली, "मामा, खाली मगर उभी आहे. तिला पण शाळेला यायचंय."

बाकीची अकरा तोंडं तिच्याकडं वळली. तो अगदी सहज म्हणाला, "मग घेऊया की. युनिफॉर्म हाय का तिला?"

"टाय आहे. पण मान नाही."

त्या दिवसापासून मगर आमची झाली. पुलावर गाडी थांबवायची नाही असा शाळेचा नियम होता आणि तो त्यानं एकदाही मोडला नाही. मी साक्षीदार आहे. गाडी आपल्या वेगानं चाललेली असायची आणि हा तोंडानं म्हणायचा, "थांबली गाडी. दार उगडलं. बसली का? शेपूट आत घ्या रं." मग बाराही पोरं माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेत शेपूट ढकलायची. मला सरकून बसावं लागायचं. पहिली दुसरीतली पोरं तर माझ्यावर ओरडायची, "आजी, तिच्या पायावर पाय पडला!" मी एकदा मगरीची माफी मागितली. एकेकाळी गायीची शिंगं खोडणारी मी.

मगरीचा इंटरव्ह्यू झाला. तिला स्पेलिंग येईनात. मगरीला इंग्रजीतून रडायला सांगितलं. आरोही सांगायची, बाकीचे भर घालायचे. उतरताना तिचे गाल लाल झालेले असायचे. गेटच्या आत पाऊल पडलं की पुन्हा दगड.

मग चाचणी परीक्षा आली. तिसरी-चौथीच्या इंग्रजीच्या पेपरात दहा ओळी लिहायच्या होत्या, माझा शाळेचा प्रवास. बाईंनी वर्गात लिहून दिल्या होत्या, पोरांनी पाठ केल्या होत्या. मी व्हॅनने शाळेत जाते. व्हॅनचा रंग पिवळा आहे. काका सावकाश चालवतात. पण आमच्या गाडीतल्या पाच पोरांनी पेपरात वेगळंच लिहिलं. पुलावर काका गाडी थांबवतात, दार उघडतात, मगर मागच्या सीटवर बसते, आम्ही शेपूट ढकलतो. आरोहीनं लिहिलं दीड पान. मोडकं इंग्रजी, क्रियापदं उलटीसुलटी, पण दीड पान. दोन ओळींच्या पुढं कधी न गेलेल्या पोरीनं!

पेपर सहीसाठी घरी आले. आरोहीच्या पानाला गुण नव्हते, समासात फक्त लाल प्रश्नचिन्ह होतं. सून ते पान हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. हसावं की रडावं तिला कळेना. तोवर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आग लागली होती. एका आईनं विचारलं, "व्हॅन नदीवर थांबवतात का?" दुसरी म्हणाली, "माझ्या मुलाच्या पेपरमध्येपण आहे." तिसऱ्यानं काठावर पहुडलेल्या मगरीचा कुठला तरी फोटो टाकला. तुमच्याकडं कुठं नदीत मगरी नसतील तर तुम्ही हसाल. आमच्याकडं कुणी हसलं नाही. मगर खरी असते, नदी खरी असते, मग दार उघडणारा ड्रायव्हर खोटा कसा असेल? संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाची खात्री झाली की तो लेकरांना मगर दाखवायला पाण्यापर्यंत नेतो.

शनिवारी प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत बोलावणं आलं. तो, मी आणि सून. मॅडम तरुण होत्या, पस्तिशीच्या आतल्या. टेबलावर पाच पेपर एका रेषेत. त्यांच्याकडं बघून मला आरशात बघितल्यासारखं झालं. घड्याळ मात्र बाहेरच्या बाजूला होतं.

सून जिन्यातच म्हणाली होती, "आई, तुमच्या पाया पडते, तिथं काही बोलू नका. आरोहीचं वर्ष जाईल."

मॅडमनी त्याला विचारलं, "तुम्ही पुलावर व्हॅन थांबवता?"

"न्हाई मॅडम."

"मग पाच मुलांनी हे लिहिलं कसं? कॉपी म्हणावी तर दोन वर्ग वेगळे, आणि प्रत्येकाचं लिखाणही वेगळं आहे."

"गोष्ट हाय ती. पोरं करत्यात गाडीत."

"प्रश्न गोष्टीचा नव्हता. शाळेच्या प्रवासाचा होता. म्हणजे मुलांनी परीक्षेत खोटं लिहिलं, असं तुमचं म्हणणं?"

उत्तराची वाट न बघता मॅडम पुढं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच शांत होता, "हे बघा. खोटं असेल तर पाचही पेपरांना शून्य. ज्यांना आधीच वॉर्निंग आहे त्यांचं मग माझ्या हातात राहत नाही." त्यांनी सुनेकडं बघितलं. "आणि खरं असेल, तर मुलांचा काहीच दोष नाही. पाहिलं ते लिहिलं. उलट निरीक्षण चांगलं आहे."

त्या माझ्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही रोज गाडीत असता. शिक्षिका होतात. तुम्हीच सांगा, गाडी थांबते का?"

काय उत्तर द्यायचं ते मला आज पाठ आहे. रोज सकाळी चहा उकळताना मी ते खणखणीत म्हणते. मॅडम, गाडी थांबत नाही. लेकरांनी गोष्ट लिहिली, चांगली लिहिली, दहापैकी दहा द्या, आणि तुम्ही एकदा आमच्या गाडीत येऊन बसा. एवढंच होतं. दोनच वाक्यं. तेहतीस वर्षं ज्या तोंडानं अख्ख्या शाळा गप्प केल्या, त्या तोंडातून त्या दिवशी आलं, "त्याचं काय आहे मॅडम..." आणि मला खोकला आला. खोकला खोटा होता. टेबलाखाली सुनेनं माझं मनगट धरलं होतं, पण मनगट धरल्यानं तोंड बंद होत नाही. ते मीच बंद केलं. थांबत नाही म्हणावं तर आरोही खाली बसणार, थांबते म्हणावं तर हा जाणार. मी खोकत राहिले.

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. थांब्यावर एखादं पोर अडखळलं की आरशातून जसं बघायचा, तसंच. घाई नसल्यासारखं. मग मॅडमकडं वळून म्हणाला, "थांबवत हुतो मॅडम."

"आत्ता तर नाही म्हणालात."

"भ्यालो हुतो. एक-दोन डाव थांबवली. पोरास्नी मगर दावली. पोरांचं काय बी खोटं न्हाई."

"आणि हे शेपूट ढकलतो म्हणजे काय?"

तो जरा अडखळला. "ते... लांबनं, मॅडम. ढकलल्यागत केलं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी त्याच्यापुढं कोरा कागद ठेवला. झाल्या प्रकाराची कबुली स्वतःच्या हातानं लिहून द्यायची. तो खुर्चीच्या कडेवर बसला, छाती टेबलाला टेकवली आणि लिहू लागला. मी पुलावर गाडी थांबवत होतो. मुलांना मगर दाखवत होतो. ही माझी चूक आहे. अक्षर काय सुंदर होतं! वळणदार, ठसठशीत, रेघेला चिकटून. ते वळण मीच लावलेलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "असं का केलंस रे? काय गरज होती?"

"बाई, पोरीनं दीड पान लिवलंय," तो म्हणाला. "शून्य पडलं आस्तं तर पुन्ना कवा लिवली नस्ती. मला म्हाईत हाय की."

मी त्याची क्षमा मागायला हवी होती. चौतीस-पस्तीस वर्षांपूर्वीची आणि दहा मिनिटांपूर्वीची, दोन्हींची एकदम. मी म्हटलं, "जेवलास का?" तो "व्हय" म्हणाला, किल्ली शिपायाकडं दिली आणि गेटातून चालत निघून गेला. त्याला असं लांबवर चालताना मी प्रथमच बघत होते. उजवा पाय किंचित ओढायचा. बसलेला माणूस पुरा दिसत नाही.

आरोहीला दहापैकी आठ मिळाले. लाल प्रश्नचिन्ह खोडून तिथं शेरा आला, निरीक्षण उत्तम. सुनेनं पेढे आणले. आरोहीनं पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"आजी, गाडी तर थांबत नव्हती. मामा खोटं का बोलले?"

इथं मी दुसऱ्यांदा चुकले, आणि या वेळी मला कुणी धरलेलं नव्हतं. खरं सांगावं असं मला वाटलं. आयुष्यभर सत्याची बाजू घेतली ना! म्हटलं, "तुझ्यासाठी बोलले गं. तुझं पान वाचावं म्हणून."

पोरीनं पेढा ताटलीत ठेवला. लहान मुलांचं गणित सरळ असतं. मगर कुणी आणली, तर आपण. मामा कशानं गेले, तर मगरीनं. म्हणजे मामा कुणामुळं गेले? तिनं मला विचारलं नाही. उत्तर तिचं तिनं काढलं.

तो आता कोयनानगरला असतो, एका ठेकेदाराच्या ट्रकवर. घाटातून लोखंडी पाइप चढवतो. ट्रकमध्ये त्याच्याशिवाय कुणी नसतं. सुनेच्या नकळत मी एकदा नंबर मिळवून फोन केला.

"पोरगी काय म्हनती?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"छान आहे. मार्क चांगले पडतात. दाखल्याचं आता कुणी बोलत नाही."

"मार्क न्हाई वो बाई. बोलती का?"

"तिकडं घाटात रेंज नाही वाटतं," मी म्हटलं. "तुझं नीट ऐकू येत नाही."

त्याला माझं अगदी नीट ऐकू येत होतं. मीच फोन ठेवला.

शाळेनं नवीन व्हॅन घेतली. एसी आहे, काचा कायम बंद. स्पीकरवर इंग्रजीतून पाढे लागतात. सोबतीला गणवेशातली एक ताई नेमली आहे, त्यामुळं माझी नोकरी सुटली. आरोही आता विचारलं की उत्तर देते, एका वाक्यात, बरोबर. शाळेतही आणि घरातही. घरातली चिमणीही गेली, हे सून अजून मान्य करत नाही.

यंदाचा उसाचा हंगाम सुरू झाला. परवा सकाळी चौकातून आरोहीला घेऊन व्हॅन वळली आणि नेमकी आमच्या दारासमोर ट्रॉल्यांमागं अडकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी ओट्यावरून बघत होते. काचेआड बारा तोंडं, सगळी समोर, एकही हलत नव्हतं. पुढं घराएवढा ऊस डुलत होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

मला राहवलं नाही. मी रस्त्यावर गेले, आरोहीच्या खिडकीशी उभी राहिले आणि काचेवर बोटं वाजवली. तिनं बघितलं. मी डोळे तिरळे केले, गाल फुगवले, जीभ बाहेर काढली. सदुसष्ट सरून अडुसष्ट लागलेल्या बाईला जे जे करता येईल ते सगळं केलं. शेजारचं पहिलीतलं पोर फिसकन हसलं. ताई काहीतरी म्हणाली. आरोहीनं एकदा ताईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग तिनं एका हाताची घडी घातली आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. हसलेल्या पोरानंही ठेवलं. मग एकेक करत सगळ्यांनी.

ट्रॅक्टर धुराचा लोट सोडून हलला. व्हॅन हलली. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिथंच उभी होते. समोरच्या पिठाच्या गिरणीतली बाई दारात येऊन पीठ झटकत होती. ती माझ्याकडं बघून हसायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझंही बोट ओठांवर होतं.

"काय वो बाई," ती म्हणाली, "कुनाला गप करताय?"